सांगलीच्या उन्हात खिडकीचे आकडे वाचताना : माझा अनुभव

विश्रामबागेतल्या आमच्या घराला वरच्या मजल्यावर पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे. पाच फूट रुंद, चार फूट उंच, सागवानी चौकट, आतून गज आणि बाहेर उघडणारी काचेची दारं. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा समोर मोकळा प्लॉट होता आणि त्यात कडुलिंब. आता कडुलिंब नाही, चौकट खालून वाळवीनं पोखरलेली, आणि मार्च ते मे दुपारी तीननंतर त्या खोलीत एसी लावूनही बसवत नाही. चौकट काढावीच लागणार होती. मग नवी घेतोच आहोत, तर ऊन अडवणारी घेऊ, असं ठरलं.

फ्रिज किंवा एसी घेताना आपण बीईईचे तारे मोजतो आणि मोकळे होतो. खिडक्यांच्या दुकानांत मला तारे कुठेच दिसले नाहीत. दिसले ते ब्रोशरमधले आकडे, आणि ते प्रत्येकाचे वेगळे. एकाच्या कागदावर यू-व्हॅल्यू, म्हणजे खिडकीतून उष्णता किती सरकते तो आकडा (कमी तितका बरा), २.८, दुसऱ्याच्या १.८. तिसऱ्यानं मोबाइलवर ‘ए प्लस प्लस’ असं इंग्रजी अक्षरांतलं हिरवं लेबल दाखवलं आणि म्हणाला, “ताई, ह्याच्या वर काय न्हाईच.” त्यातच अमेरिकेतल्या नणंदेनं तिच्या नव्या खिडकीवरच्या स्टिकरचा फोटो पाठवला. त्यावर यू ०.२८! सांगलीत १.८ आणि तिकडे ०.२८ म्हणजे आपल्याला फसवतायत, असं नवऱ्याचं मत पडलं.

फसवणूक नव्हती, एककं वेगळी होती. अमेरिकेतली एनएफआरसी ही खिडक्यांना रेटिंग देणारी संस्था यू-फॅक्टर ब्रिटिश थर्मल युनिट, चौरस फूट आणि फॅरनहाइटमध्ये देते. आपल्याकडे तोच आकडा वॅट, चौरस मीटर आणि केल्विनमध्ये असतो. त्यांच्या आकड्याला ५.६८ नं गुणलं की आपला येतो. ०.२८ चे झाले १.५९. म्हणजे नणंदेची खिडकी दुसऱ्या दुकानातल्यापेक्षा थोडीशीच सरस. शिवाय एनएफआरसीचा आकडा काच आणि चौकट धरून पूर्ण खिडकीचा असतो. दुकानातला १.८ फक्त काचेच्या मधल्या भागाचा होता, हे ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात सापडलं. अ‍ॅल्युमिनियमच्या साध्या सेक्शनमधून, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांतून, उष्णता सरळ आत येते, त्यामुळे चौकट धरली की तो १.८ बराच वर सरकतो. यूपीव्हीसीत, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीत, हा त्रास कमी. अ‍ॅल्युमिनियमच हवं असेल, तर आतला आणि बाहेरचा भाग पॉलिअमाइड या प्लास्टिकच्या पट्टीनं तोडलेला सेक्शन मिळतो, पण महाग पडतो.

‘ए प्लस प्लस’चं कोडं सुटलं तेव्हा मला गंमत वाटली. ते लेबल ब्रिटनमधल्या बीएफआरसी या खिडक्यांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या पद्धतीचं होतं. तिकडचं हवामान थंड. त्यामुळे त्या पद्धतीत खिडकीतून उष्णता बाहेर गेली की गुण कापतात आणि ऊन आत आलं की गुण वाढवतात! लंडनला तेच बरोबर. आमच्या पश्चिमेच्या खिडकीला ज्या गोष्टीसाठी दंड व्हायला हवा, त्याच गोष्टीचं तिथे बक्षीस मिळतं. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “तसं असंल, पण लेबल तर चांगलंच हाय की.” यावर काय बोलणार?

तर मग बघायचं काय? मला तीन आकडे कामाचे वाटले. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता सरकते. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला कितवा हिस्सा उष्णता होऊन घरात येतो; तो शून्य ते एकच्या मध्ये असतो. आणि व्हीएलटी म्हणजे उजेड किती टक्के येतो. दुकानात सगळे बोलतात यूबद्दल. आपल्याकडे भाव खायला हवा एसएचजीसीनं. हे नुसतं वाचून मलाही पटलं नसतं, म्हणून एका संध्याकाळी वही घेऊन हिशेबाला बसले.

खिडकी २० चौरस फूट, म्हणजे १.८६ चौरस मीटर. एप्रिलमध्ये चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन धरलं. बाहेर ३९ अंश, आत २७, म्हणजे फरक १२ चा. साध्या एकेरी काचेचा एसएचजीसी ०.८२ आणि यू ५.७ च्या आसपास असतो. उन्हातून आले ९१५ वॅट. हवेतल्या फरकामुळे आले अवघे १२७. इथेच निम्मा निकाल लागला. मग साधी डबल काच, म्हणजे मध्ये पोकळी ठेवून बसवलेल्या दोन काचा, धरली, एसएचजीसी ०.७० आणि यू २.८. उन्हाचे ७८०, फरकाचे ६२, मिळून ८४० च्या वर. त्यानंतर एकेरीच, पण ऊन परतवणाऱ्या कोटिंगची काच धरली, एसएचजीसी ०.४५ आणि यू जुनाच. बेरीज सव्वासहाशे! म्हणजे पश्चिमेला साध्या डबल काचेपेक्षा कोटिंगची एकेरी काच भारी ठरली, तीही कमी पैशांत. कोटिंगच्या डबल काचेला, एसएचजीसी ०.२८ आणि यू १.८, साडेतीनशे वॅट आले. एक टनाचा एसी ३,५०० वॅट उष्णता उपसतो, त्यातला चौथ्यापेक्षा जास्त हिस्सा आमची जुनी खिडकी एकटी खात होती. चौकटीची जागा वजा केली तर सगळे आकडे थोडे खाली येतील, पण क्रम तोच राहतो.

हा हिशेब दाखवल्यावर खिडकी बनवून देणारे फॅब्रिकेटरदादा जरा गंभीर झाले. त्यांच्याकडच्या एका कंपनीच्या तक्त्यात एसएचजीसीऐवजी ‘शेडिंग कोएफिशंट’ लिहिलेला होता, म्हणजे साध्या काचेच्या तुलनेत उन्हाची किती उष्णता आत येते तो आकडा. त्याला ०.८७ नं गुणलं की एसएचजीसी मिळतो, ०.४० चा होतो ०.३५. नाहीतर दोन कंपन्यांची तुलना भलतीकडेच जाते.

एसएचजीसी जितका कमी तितकं बरं, असंही नाही. पहिल्यांदा दाखवलेली आरशासारखी निळी काच ऊन अडवत होती, पण उजेड इतका कमी की दुपारी ट्यूबलाइट लावावी लागली असती. शिवाय सगळी झळाळी समोरच्या घरात. तिथल्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं असतं. निवासी इमारतींसाठी केंद्रानं ‘इको निवास संहिता २०१८’ काढली. ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी होती, त्यामुळे आमच्या घराला लागू नव्हती, पण तिच्यातले तक्ते चांगले आहेत. भिंतींच्या मानानं खिडक्या ३० टक्क्यांपर्यंत असतील, तर काचेतून निदान २७ टक्के उजेड यावा, असं ती सांगते. आम्ही ४० टक्क्यांच्या आसपासची काच निवडली. खोली काळोखी वाटत नाही.

त्याच संहितेतल्या आणखी एका तक्त्यानं आमच्या घरातलं भांडण मिटवलं. नवऱ्याला स्लायडिंग हवी होती. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं म्हणणं, “उघडलीच न्हाई तर ती खिडकी कसली, भिंतच की.” संहितेत दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगला उघडी जागा ५० टक्के धरतात, दारासारख्या उघडणाऱ्या खिडकीला ९०. सांगलीत रात्री दहानंतर बाहेर वारा सुटतो, तेव्हा एसी बंद करून खिडकी उघडणं हीच सगळ्यात मोठी बचत. आई जिंकल्या. गज आतून, पल्ले बाहेर, आणि आत घडीची मच्छरजाळी. बंद झाल्यावरही दारासारखा पल्ला रबरावर दाबून बसतो. स्लायडिंगला ब्रशची पट्टी असते, तिथून हवा आणि धूळ येत राहते. हवेच्या गळतीसाठी युरोपीय मानकात १ ते ४ असे वर्ग आहेत, ४ सगळ्यात चांगला. चाचणीचा कागद मागितला की तो वर्ग त्यावर दिसतो. कागद मिळणार नसेल, तर दुकानातल्या नमुन्याच्या खिडकीशी उदबत्ती धरा. दोन दुकानांत मी धरली, आणि एकात धूर सरळ फटीत गेला.

आम्ही कोटिंगचीच डबल काच घेतली. उन्हाइतकंच कारण सांगली-मिरज रस्त्यावरच्या आवाजाचं होतं. पाच मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला २५ किलो, म्हणून बिजागरं कोणती हे आधी ठरवलं. काच आली तेव्हा कोटिंग कुठल्या बाजूला आहे ते बघायचं होतं. उष्ण प्रदेशात ते बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवं. दादांनी लायटर पेटवून काचेसमोर धरला. ज्योतीची चार प्रतिबिंबं एकामागे एक दिसली, प्रत्येक काचेची दोन. त्यातल्या एकाचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा, जरासा जांभळट. आम्ही बाहेरच्या बाजूनं बघत होतो, आपल्या जवळून दुसरं. बरोबर जागी. “आता पटलं का ताई?” दादा म्हणाले. मला वाटतं, त्यांनाही तेव्हाच पटलं. दोन काचांमधली पट्टी कुठे उघडी नाही ना, हेही बघून घेतलं, कारण सील गेलं की आत दमट हवा शिरते आणि काच कायमची धुरकट होते.

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुनी चौकट निघताना गिलावा निघाला, गवंडी आला, दोन दिवस घरभर धूळ. एक मात्र सांगते. चौकटीच्या खालच्या अंगाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती पुट्टीत बुजली होती. पावसाळ्याआधी टोकरून मोकळी केली.

छज्जाचा या खिडकीला काही उपयोग नाही, कारण साडेचारचं ऊन त्याच्या खालून घुसतं. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोपर्यंत उष्णता घरात शिरलेली असते. म्हणून बाहेरून बांबूची चिक लावली आहे, एप्रिल-मेपुरती. ज्यांना सध्या खर्च नको, त्यांनी आधी चिकच लावावी, माझं स्पष्ट मत आहे.

दक्षिणेच्या दोन खिडक्यांना हात लावला नाही. सांगली सतराव्या अक्षांशाच्या जराशी खाली आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीला थोडा उत्तरेकडेच असतो. तेवढ्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन येतच नाही, आणि बाकी वेळी छज्जा पुरतो. तिथे महागडी काच म्हणजे पैसे वाया. फक्त झिजलेले ब्रश बदलले. पूर्वेकडची स्वयंपाकघरातली खिडकी पुढच्या वर्षी बदलायची आहे. तिचं कोटेशन आलं, ‘डबल ग्लास, बेस्ट क्वालिटी’ एवढंच लिहिलेलं. पूर्ण खिडकीची यू-व्हॅल्यू, एसएचजीसी आणि व्हीएलटी लिहून द्या, असं सांगून परत पाठवलं आहे.