कु. मनी, वय १३, स्त्री

अमळनेरकडची प्रॅक्टिस म्हणजे म्हशी, उलटणाऱ्या (गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या) गाई आणि शेळ्या. मांजर घेऊन फार कोणी येत नाही. आलंच तर कुत्र्याने फाडलेलं. आजी मात्र मनीला बाजाराच्या पिशवीत घालून आल्या, सोबत रिपोर्टची फाईल. “भलतं खास भाऊ, पन आंगले लागत नही.” म्हणजे खाते भरपूर, पण अंगाला लागत नाही.

रक्त आधीच्या डॉक्टरांनी माणसांच्या लॅबमध्ये पाठवलेलं. लॅबवाल्यांनी बिनदिक्कत छापलं होतं : कु. मनी, वय १३, स्त्री. टी-४, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, ९.२, नॉर्मल. किडनीचा हाल सांगणारं क्रिएटिनिन १.४, जास्त, ठळक अक्षरात. त्या ठळक अक्षरावर मनीला किडनीचं पथ्य लागलं, सलाईन सुरू झाली. पाठीचे मणके मोजता येतील अशा मांजराची प्रथिनं तोडली! मोठ्या शहरात दवाखाना, बाहेर ‘पेट स्पेशालिस्ट’ची पाटी, मांजराच्या मानेला हात लावलेला दिसत नव्हता.

हात असा लावतात. मांजर मांडीवर, तोंड तुमच्यापासून लांब, हनुवटी किंचित वर. अंगठा आणि तर्जनी श्वासनळीच्या दोन बाजूंना ठेवून कंठापासून छातीकडे हलकेच सरकवत न्यायची. दाबलं की हुकलंच. निरोगी थायरॉइड बोटांना लागत नाही. मनीच्या डाव्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाखालून सटकलं. हृदयाचे ठोके मिनिटाला २४०. रात्रभर ओरडते का, विचारलं. आजी म्हणाल्या, ओरडते, माळ्यावर उड्याही मारते. म्हातारपणी तरणी झाली म्हणून घरात सगळे खूश.

हार्मोन माणसाचं आणि मांजराचं एकच, त्यामुळे मशीनचा आकडा धरून चालता येतं. पण माणसाचा टी-४ साधारण ५ ते १२, मांजराचा १ ते ४. म्हणजे ९.२ दुपटीच्याही वर. आणि १.४ क्रिएटिनिन मांजराला चालतं. एकाच कागदावर दोन्ही शेरे उलटे. म्हाताऱ्या मांजरांत थायरॉइड असा जोरात चालण्याचा आजार नवा नाही, १९७९-८० पासून नोंदलेला आहे. गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते.

थायरॉइडला आवर घालणारी माणसांचीच गोळी, कार्बिमॅझोल, कमी मात्रेत सुरू केली. सून गरोदर, म्हणून तिने गोळीला आणि मनीच्या शी-शूच्या मातीला हात लावायचा नाही, हे दोनदा बजावलं. पुढच्या तपासणीत टी-४ ३.१. वजन वाढलेलं, उलट्या थांबलेल्या.

आणि क्रिएटिनिन २.४.

थायरॉइड जोरात असताना किडनीतून रक्त जास्त गाळलं जातं, अंगावर मांसही उरत नाही, म्हणून क्रिएटिनिन कमी दिसतं. औषध लागू पडलं की झाकलेली किडनी उघडी पडते. म्हणजे लॅबचं ते ठळक अक्षर चुकीच्या हिशेबाने का होईना, बरोबरच निघालं. पाटीवाल्या डॉक्टरांना हे कळलं तर ते मिशीत हसतील, आणि ते मला अजून सलतं. कारण थायरॉइड तसाच सोडला असता तर हृदय गेलं असतं, रक्तदाब चढला असता, किडनीही आणखी झिजली असती.

आजींची तक्रार वेगळीच : “आते निस्ती नीजस.” आता नुसती झोपते.

सध्या मात्रा थोडी कमी केलीय, पाणी जास्त पोटात जावं म्हणून ओलं खाणं सांगितलंय. पुढचं रक्त त्याच लॅबमध्ये जाईल, जवळ दुसरी नाही. शेऱ्यांचा रकाना मी पेनाने खोडून मगच फाईल आजींच्या हातात देणार आहे.