जुना पेपर सोडवून झाला, आता पुढे?

शाळा संपताना द्यायची इंग्रजीची परीक्षा जवळ आली की जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा निघतो. रोज एक पेपर सोडवायचा, उत्तरसूची बघून गुण मांडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढचा घ्यायचा. १५ पेपर झाले तरी गुण जिथल्या तिथेच. यात नवल काही नाही. पेपर सोडवणं हे मोजमाप झालं. थर्मामीटर लावून ताप उतरत नाही. सराव सुरू होतो तो गुण मांडून झाल्यावर, आणि त्याला पेपरपेक्षा जास्त वेळ लागतो. दोन तासांचा पेपर सोडवला, तर पुढचे दोन दिवस त्याच पेपरवर काम करावं आणि मगच नवा उघडावा.

त्यासाठी एक वही लागते, चुकांची. पानावर चार रकाने: चुकलेलं उत्तर, बरोबर उत्तर, चूक का झाली, आणि तोच नियम किंवा शब्द वापरून स्वतः रचलेलं नवं वाक्य. सगळी किंमत तिसऱ्या रकान्यात आहे आणि मुलं नेमका तोच कोरा सोडतात, नाहीतर ‘निष्काळजीपणा’ असं लिहून मोकळी होतात. निष्काळजीपणा हे कारण नव्हे. मला माहीतच नव्हतं, माहीत होतं पण लिहिताना आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ संपला. या चारांपैकी एक लिहायचं. पहिल्यावर उपाय अभ्यास, दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा आठवण्याचा सराव, तिसऱ्यावर प्रश्नातल्या कळीच्या शब्दाखाली रेघ मारण्याची सवय, चौथ्यावर घड्याळ. तीन पेपर झाल्यावर रकाना वरून खाली वाचला की आपले गुण नेमके कुठे गळतात ते दिसतं. पुष्कळांच्या बाबतीत ती जागा व्याकरण नसते.

ही वही नुसती वाचायची नाही. डावा रकाना उघडा ठेवून बाकीचे हाताने झाकायचे आणि उत्तर आठवायचं. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि साधारण २१व्या दिवशी. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांनी एक उतारा एकतर पुन्हा वाचला किंवा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर ‘आता येतंय’ असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं, परीक्षा मात्र नंतर असते.

आता एकेक भाग घेऊ. उताऱ्यावरचे पर्यायी प्रश्न चुकतात त्याचं मोठं कारण एकच: उताऱ्यातला शब्द जशाच्या तसा पर्यायात दिसला की हात तिकडे वळतो. प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून चुकीच्या पर्यायात उताऱ्यातले शब्द पेरलेले असतात आणि बरोबर पर्याय बहुधा वेगळ्या शब्दांत सांगितलेला असतो. पेपर तपासताना प्रत्येक उत्तराला आधार देणारं वाक्य उताऱ्यात शोधून त्याखाली रेघ मारा, समोर प्रश्नाचा क्रमांक टाका. बरोबर आलेल्या उत्तरांनाही हे करा, कारण त्यातली काही अंदाजाने आलेली असतात. मग उरलेले पर्याय का बाद होतात ते एकेका वाक्यात लिहा. ‘बरोबर, चूक की उताऱ्यात माहिती नाही’ या प्रकारात मुलं स्वतःचं सामान्यज्ञान वापरतात. विधान जगात खरं असेलही. उताऱ्यात ते खरंही ठरत नसेल आणि खोटंही ठरत नसेल, तर तिसराच पर्याय.

गाळलेल्या जागांत शब्दाचं रूप बदलायचं असेल तर चार प्रश्न क्रमाने विचारा. इथे नाम हवं, क्रियापद, विशेषण की क्रियाविशेषण? नाम असेल तर एकवचन की अनेकवचन? अर्थ होकारी की नकारी? स्पेलिंग बदलतं का? तिसरा प्रश्न सगळ्यांत जास्त विसरला जातो. ‘पॉसिबल’ दिलंय, विशेषणच हवंय, पण पुढच्या वाक्यात ‘म्हणून आम्ही बेत रद्द केला’ असं आहे, म्हणजे ‘इम्पॉसिबल’. तेव्हा वाक्य संपेपर्यंत आणि त्यापुढचंही वाक्य वाचल्याशिवाय जागा भरू नका.

व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उरकण्याच्या मी विरोधात आहे. मराठी बोलणाऱ्यांच्या चुका ठरावीक जागीच होतात, तिथे वेळ घाला. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ हे डोक्यात मराठीतून येतं आणि कागदावर उतरतं ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह यीअर्स’. दोन चुका. काळ ‘हॅव लिव्हड’ हवा, आणि पाच वर्षं हा कालावधी असल्याने ‘फॉर’ हवं. ‘सिन्स’च्या पुढे सुरुवातीचा क्षण येतो, जसं साल, वार, महिना. वाक्य बदलून लिहिण्याच्या प्रश्नांत हीच जोडी वारंवार दिसते: ‘इट इज टू यीअर्स सिन्स आय लास्ट सॉ हर’ आणि ‘आय हॅव नॉट सीन हर फॉर टू यीअर्स’. अशा वीसेक जोड्या दोन्ही दिशांनी लिहून काढल्या तर या प्रश्नाची भीती जाते. नवं वाक्य रचायला एखादा शब्द दिलेला असेल तर तो आहे तसाच वापरायचा, त्याचं रूप बदललं की उत्तर बाद. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ आणि ‘डिड नॉट’च्या पुढे भूतकाळाचं रूप या चुकीच्या सवयी तोंडावाटेच जातात, म्हणून बरोबर वाक्य मोठ्याने दहादा म्हणा. ‘अ’ आणि ‘द’ची गोष्ट वेगळी. मराठीत तसं काही नसल्याने कान मदत करत नाही, विचारच करावा लागतो: वस्तू मोजता येते का, आणि कोणती ते ऐकणाऱ्याला माहीत आहे का? ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘होमवर्क’, ‘फर्निचर’ यांच्यामागे ‘अ’ नाही आणि पुढे अनेकवचनाचा ‘एस’ही नाही.

ऐकण्याच्या भागात ‘फार भराभर बोलतात’ ही तक्रार असते. खरी अडचण अशी की ओळखीचे शब्दही एकमेकांना चिकटले की ओळखू येत नाहीत. ‘डिड यू’चं ‘डिजू’ होतं; ‘कॅन’ इतकं दबतं की ‘कन’ उरतं, आणि ठसठशीत ऐकू आलं तर ते बहुधा ‘कान्ट’ असतं. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. ध्वनिफीत आधी परीक्षेत असते तशीच, ठरलेल्या वेळा ऐकून प्रश्न सोडवा. मग चुकलेल्या उत्तराच्या आसपासचा २० ते ३० सेकंदांचा तुकडा निवडा आणि थांबवत थांबवत शब्द न् शब्द लिहा. सहा-सात वेळा ऐकावं लागलं तरी चालेल. शेवटी लिखित संहितेशी ताडून बघा. गाळलेले शब्द बहुतेक वेळा लहान निघतात: ‘हॅज’, ‘टू’, ‘ऑफ’, ‘हिम’. एक हमखास सापळाही लक्षात ठेवा. बोलणारा आधी एक सांगतो आणि मग बदलतो: मंगळवारी भेटू, नाही, गुरुवारी बरं पडेल. पहिला वार ऐकताच पेन टेकवणारे फसतात. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत जोर कुठे पडतो ते ऐकायची सवय लावा.

लेखनात चार मुद्दे दिलेले असतील तर चारही यायलाच हवेत, आणि प्रत्येकाला निदान दोन वाक्यं. तीन मुद्दे सुंदर लिहून चौथा राहिला, तर आशयाचे गुण गेले. ते उत्तम इंग्रजीने भरून निघत नाहीत. आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते घरीच मोजून ठेवा. नऊ बसत असतील तर १५० शब्द म्हणजे साधारण १७ ओळी. परीक्षेत शब्द मोजत बसायला नको. अर्धा तास असेल तर पाच मिनिटं मुद्दे मांडायला, वीस लिहायला, पाच तपासायला. तपासणी तीन फेऱ्यांत: पहिलीत फक्त क्रियापदं, दुसरीत फक्त नामं आणि त्यांच्यामागचे ‘अ’, ‘द’, तिसरीत स्पेलिंग. सगळं एकदम बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. औपचारिक पत्र ‘डिअर सर ऑर मॅडम’ने सुरू झालं तर शेवट ‘युअर्स फेथफुली’, नाव घेऊन सुरू झालं तर ‘युअर्स सिन्सिअरली’, ही ब्रिटिश रीत.

लेखनाचा सगळ्यांत दुर्लक्षित सराव म्हणजे तेच पत्र पुन्हा लिहिणं. शिक्षकांनी तपासून दिलेला कागद दोन दिवसांनी बाजूला ठेवा, न बघता तेच उत्तर परत लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. त्याच जागी तीच चूक सापडली तर ती वहीत लाल शाईने. पाठ केलेला निबंध मात्र नको. विषयाला न जुळणारे परिच्छेद परीक्षकाच्या लगेच लक्षात येतात.

तोंडी परीक्षेसाठी फोनवर स्वतःचं दीड मिनिटाचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. चित्रवर्णन असेल तर आधी कोण, कुठे, काय करतंय हे चालू वर्तमानकाळात. मग ‘माइट’, ‘लुक्स अ‍ॅज इफ’ वापरून अंदाज. शेवटी आपलं मत. ऐकताना व्याकरणाआधी थांबे मोजा. शब्द आठवला नाही म्हणून गप्प झालात अशा प्रत्येक ठिकाणी त्या वस्तूचं वर्णन करून वाट काढायचा सराव करा: ‘द थिंग यू यूज टू ओपन बॉटल्स’.

दोन सर्वांत ताजे पेपर शेवटच्या पंधरवड्यासाठी न उघडता राखून ठेवा आणि ते परीक्षेच्याच वेळेला, सलग, शब्दकोश आणि फोन दूर ठेवून सोडवा. उत्तरं वेगळ्या कागदावर उतरवायची पद्धत असेल तर तीही याच वेळेत बसली पाहिजे. एकूण मिनिटांतून दहा बाजूला काढून उरलेल्यांना एकूण गुणांनी भागलं की एका गुणाला किती वेळ ते कळतं. तेवढा वेळ उलटला की खूण करून पुढे सरका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसतील, तर एकही जागा कोरी सोडू नका.