सात मार्कांसाठी निघालो होतो

खरं सांगते, सुरुवात काही चित्रकलेच्या प्रेमातून झाली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला दहावीत इंटरमिजिएटचे सात मार्क वाढवून मिळाले, हे त्यांनी जिन्यात उभं राहून मला तीनदा सांगितलं. लेक तेव्हा आठवीत होती. एलिमेंटरीचा फॉर्म मी त्याच आठवड्यात भरायला लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शासकीय रेखाकला परीक्षा मुंबईचं कला संचालनालय घेतं. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७ मार्क, बी ला ५, सी ला ३. पूर्वी ए ला १५ मिळायचे, ते कमी केले. मार्क कमी झाले तशी फॉर्म भरणारी मुलंही कमी झाली असतील, असा माझा आपला अंदाज.

एलिमेंटरी निघाली, बी ग्रेडमध्ये. नववीत इंटरमिजिएटला बसायचं ठरलं, आणि खरा खेळ तिथे सुरू झाला. शाळेतले ड्रॉइंगचे सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. ड्रॉइंगचा तास पीटीचे सर घ्यायचे, घ्यायचे म्हणजे वर्गात बसायचे. फॉर्मचं विचारायला गेले तर ऑफिसातले बाबू म्हणाले, "यंदा कोणी पोट्टं बसूनच नाही राहिलं जी ताई. एकटीसाठी कुठं करता?" मी म्हटलं, एकटी नाही, सहा आहेत. सहा नव्हत्या. घरी येऊन पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, चार जणांना वेगळे फोन केले, तेव्हा कुठे आकडा सातवर गेला. मग फॉर्म भरले गेले. त्यातही पोर्टल दोन दिवस उघडलं नाही आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी बाबूंनी संध्याकाळी साडेसातपर्यंत बसून काम पूर्ण केलं. त्यांच्यावर मी आधी खूप चिडले होते, पण हे सांगायलाच हवं.

एक सूचना, कोणाच्या कामी आली तर: फॉर्मवरचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरशी अक्षर न अक्षर जुळवून घ्या. आमच्या एलिमेंटरीच्या सर्टिफिकेटवर आडनावात इंग्रजीतला एक 'ए' कमी पडला होता. इंटरमिजिएटच्या वेळी मी स्वतः बाबूंच्या बाजूला खुर्ची ओढून बसले.

शिकवणीसाठी इथे नागपुरातच मानेवाड्याला एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर सापडले. रविवारी सकाळी, त्यांच्या घरच्या व्हरांड्यात. सामानाची यादी त्यांनी पहिल्याच दिवशी दिली: ड्रॉइंग बोर्ड, एचबी, टूबी आणि फोरबी पेन्सिली, पोस्टर कलर, गोल ब्रश तीन आकाराचे, आणि "कंपास चांगला घ्या, खिळखिळा नको". बर्डीच्या बाजारात मोदी नंबर ३ च्या गल्लीत दोन दुकानं फिरून सगळं घेतलं. रंगांच्या बाटल्यांपेक्षा कंपासच महाग पडला. माझा चेहरा बघून लेक म्हणाली, "आई, सात मार्क आहेत ना." माझंच वाक्य मला परत.

चार पेपर, दोन दिवसांत: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे नक्षीकाम) आणि शेवटी भूमिती. नक्षीकाम तिला येतच होतं, रांगोळीवर हात बसलेला. घोडं अडलं ते भूमितीत. लंबवर्तुळ आणि स्पर्शिका पाठ करून निभल्या, पण घनभूमितीत आडवा ठेवलेला प्रिझम समोरून कसा दिसेल आणि वरून कसा, हे तिच्या डोक्यात शिरेना. एका रात्री वही फेकली आणि रडायला लागली.

हे हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर आहेत. रोज मशीनचे ड्रॉइंग वाचणं हेच काम. जेवणाचं ताट बाजूला सारून म्हणाले, "काहून रडून राहिली? साबणाचं खोकं आण." स्वयंपाकघरातला दिवा बंद केला. खोकं ओट्यावर ठेवून समोरून टॉर्च मारला. मागच्या टाइल्सवर सावली पडली, तिच्या कडेने पेन्सिल फिरवली. "हे एलिव्हेशन." मग टॉर्च वरून धरला, खोक्याखाली वर्तमानपत्र, त्यावर सावली. "हा प्लॅन. आता भिंत आणि ओटा जिथं मिळते, ती तुझी एक्स-वाय लाइन. भिंतीवरचं वर, ओट्यावरचं खाली. झालं." खोकं तिरकं केलं, पुन्हा तेच. अर्ध्या तासात तिने स्वतः आगपेटी, मग वाटी, मग बेलण लावून बघितलं. टाइल्सवरच्या पेन्सिलीच्या रेघा मी दुसऱ्या दिवशी पुसल्या, एक मात्र सिलेंडरच्या मागे राहून गेली आहे. अठरा वर्षं संसार करून या माणसाला इतकं छान शिकवता येतं, हे मला त्या रात्री कळलं.

स्मरणचित्राला मास्तरांचा एकच हेका: माणसं काढा. तीन-चार तरी हवीत, आणि ती काहीतरी करत असायला हवीत, नुसती उभी नकोत. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही महालात माहेरी गेलो होतो. त्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत सगळे मान वर करून काळ्या-पिवळ्या मारबतीचे मोठाले पुतळे बघत होते आणि ही मात्र फुगेवाल्याचे पाय बघत होती. म्हणे, वजन कोणत्या पायावर टाकलंय ते बघते.

परीक्षेचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिला पेपर स्थिरचित्र. मधोमध टेबलावर वस्तू मांडलेल्या, मागे निळं कापड, मुलं चहूबाजूंनी. जिथे नंबर, तिथूनच काढायचं. बाहेर आल्यावर ती गप्प. शाळेच्या फाटकाशी तर्री पोहे घेतले तर तेही अर्धे ठेवले. शेवटी म्हणाली, "पाण्याचा पितळेचा गुंड होता, दोन वांगी होती आणि एक लिंबू होतं. माझ्या जागेवरून लिंबू दिसतच नव्हतं." मी म्हटलं, मग थोडं वाकून बघायचं, काढून टाकायचं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही बोललेच नाही. दुपारच्या स्मरणचित्रात तिने बाजार काढला, फुगेवाला त्यात होताच.

निकाल लागला: बी. म्हणजे पाच. दोन मार्क लिंबाने खाल्ले, असं घरात अजून म्हणतात.

पण सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे मार्क मिळाले असं नाही. दहावीच्या वर्षी शाळेला बोर्डाच्या विभागीय कार्यालयाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, सर्टिफिकेटच्या प्रतीसह, मुदतीत. आपण काही भरत नाही, त्यामुळे आपल्याला काही कळतही नाही. मी हिवाळ्यात दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "होऊन जाईल" ऐकलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सातही मुलांच्या झेरॉक्स एका फायलीत, ती फाईल कपाटात, आणि कपाटाची चावी सुटीवर गेलेल्या मॅडमकडे. मुदतीला चार दिवस उरले होते. मॅडमना फोन केला तर त्यांनी चावी मुलाच्या हाती पाठवली. प्रस्ताव गेला त्या दिवशी मी बाबूंकडून पोच बघूनच उठले, मोबाईलवर फोटोही काढला. आगाऊपणा वाटला असेल त्यांना. वाटू दे.

जूनमध्ये मार्कशीट हातात आली तेव्हा आधी टक्के नाही, ती एक ओळ शोधली. ४६१ च्या पुढे अधिक ०५. सात जणांपैकी सहा जणांच्या मार्कशीटवर तशी ओळ होती. सातव्याच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव चुकलेलं होतं, त्याची आई अजून शाळेत चकरा मारते आहे. तिला मी जनरल रजिस्टरचं सांगितलं, पण उशिरा.

तर मे महिन्यात, निकालाच्या आधी, एकदा दुपारी ऑफिसातून लवकर आले. कूलर चालू, लेक जमिनीवर बोर्ड घेऊन बसलेली. समोर पाटावर सासूबाईंचा गुंड, माझी निळी ओढणी, दोन वांगी. फ्रिजमधलं शेवटचं लिंबू तिने पुढे मांडलं होतं. मी सरबत करायला आले होते. पाणी पिऊन गप्प बसले.