वळवाच्या ढगावर लाल झाड कधी उगवतं

मे महिन्यात मामांकडं गेले होते, जोतिबाच्या पायथ्याला त्यांचं गाव आहे. दुपारी चारलाच आभाळ काळंकुट्ट झालं, धुळीची वावटळ उठली, गोठ्यावरचे पत्रे वाजायला लागले आणि मग तासभर वळीव असा कोसळला की म्हैस दावं ओढून उभी राहिली. लाईट गेली ती गेलीच. मला मात्र तेच हवं होतं, कारण नऊच्या सुमाराला आमच्याकडचं आभाळ धुतल्यागत स्वच्छ झालं, सगळीकडं मिट्ट काळोख, आणि पूर्वेला पार सोलापूर-विजापूरच्या बाजूला कुठंतरी नुसतं चमकत होतं, आवाज काहीच नाही. मी ट्रायपॉड घेऊन स्लॅबवर गेले, मागनं मामा चटई घेऊन आले.

"चमकतंय खाली आणि तू कॅमेरा लावलाईस वर चांदण्यांकडं?"

बरोबर होतं त्यांचं. पण मला वीज नको होती, मला वीज पडल्यावर ढगाच्या वर जे होतं ते हवं होतं. त्याला स्प्राइट म्हणतात. जमिनीपासून 50 ते 90 किलोमीटर उंचीवर, लालभडक, कधी गाजरासारखं, कधी जेलीफिशसारखं, खाली निळसर मुळ्या सुटलेल्या, आणि सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. दोनशे किलोमीटरवरच्या ढगावर झालं तर इथनं क्षितिजाच्या वर साधारण दोन मुठी दिसणार, हात लांब करून एकावर एक मूठ ठेवायची आणि तिथं बघायचं. डोक्यावरच्या ढगाचं कधीच दिसणार नाही, मध्ये ढगच येतो.

पण प्रत्येक विजेला हे होत नाही, आणि हीच गोष्ट मला गेली दोन-तीन वर्षं सोडत नाही. कुठली वीज जास्त लखलखली यावर ते ठरत नाही, जमिनीत कुठला भार उतरला यावर ठरतं. हे म्हटल्यावर मामा म्हणाले, "पोरी, वीज म्हंजे वीज, त्यात प्लस-मायनस काय बॅटरीगत?"

बॅटरीगतच, मामा. ढगात बर्फाचे बारीक कण आणि गारांची कच्ची गोळी एकमेकांवर आपटून भार वेगळे होतात, ढोबळमानानं ऋण भार मधल्या थरात आणि धन भार वर. जमिनीवर पडणाऱ्या दहापैकी नऊ विजा ऋण असतात. त्या एकाच वाटेनं तीन-चार वेळा लागोपाठ उतरतात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. उरलेली दहावी धन. ती बहुतेक वेळा एकदाच उतरते पण नंतर प्रवाह वाहतच राहतो, सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त. वादळाचा जोर ओसरल्यावर मागं जो ढगाचा सपाट थर शेकडो किलोमीटर पसरून राहतो ना, रिपरिप पाऊस पडत असतो आणि आपण म्हणतो झालं गेलं वादळ, तिथला दूरदूरचा धन भार ती एका दमात ओढून जमिनीत घालते.

एवढा भार अचानक गेला की ढगाच्या वरचं विद्युत क्षेत्र, म्हणजे भारांची ओढ, एकदम वाढते. वर जाऊ तसं ते क्षेत्र कमी होतं खरं, पण हवा त्याहून झपाट्यानं विरळ होते, आणि विरळ हवेत ठिणगी पडायला थोडं क्षेत्रही पुरतं. म्हणून 70-80 किलोमीटरवर अशी एक जागा येते जिथं हवा हार मानते आणि ठिणगी पडते, तेच स्प्राइट. सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञानं हा हिशोब 1920 च्या दशकातच मांडला होता, आणि पहिलं चित्र मिळालं 1989 साली, अमेरिकेत मिनेसोटात, तेही दुसऱ्याच कामासाठीचा कॅमेरा तपासताना!

त्यात अजून एक मेख आहे. धन वीज पडली की स्प्राइटमधनं खाली ठिणगीचे जे चमकते धागे सुटतात ते धन भाराचे असतात, आणि तसे धागे ऋण धाग्यांच्या निम्म्याहून कमी क्षेत्रातही पुढं सरकत राहतात. म्हणजे धन विजेला दोन्हीकडनं मदत, भारही मोठा आणि धागेही सोपे. ऋण विजेचं स्प्राइट अगदीच दुर्मिळ. पण ढगाच्या वर होणाऱ्या सगळ्याच चमकांना हा नियम लागू नाही हां. एल्व्ह नावाचं जे कडं 90 किलोमीटरच्या आसपास शेकडो किलोमीटर पसरतं ते विजेच्या रेडिओ धक्क्यानं होतं, त्याला धन-ऋण दोन्ही चालतात. आणि महाकाय जेट, म्हणजे विजेचे झोत जे ढगाच्या माथ्यातनं थेट वर जातात, ते बहुतेक ऋण भार वर नेणारे.

आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जो रडार आहे, भूचुंबकत्व संस्थेचा, तो साधारण 80 ते 98 किलोमीटरवरचे वारे मोजतो. म्हणजे स्प्राइटचा शेंडा जिथं पोचतो तिथलीच हवा. कोल्हापुरात किती जणांना माहीत आहे हे? मला अभिमान वाटतो, खरंच.

त्या रात्री अडीच तास रेकॉर्डिंग केलं. दुसऱ्या दिवशी सेकंदाला पंचवीस फ्रेम, एकेक करून बघत बसले, डोळे दुखायला लागले. आणि एका फ्रेममध्ये, फक्त एकाच, ढगाच्या उजेडाच्या बऱ्याच वर तीन फिकट लालसर उभ्या रेघा. आधीच्या फ्रेममध्ये नाहीत, नंतरच्यात नाहीत. खाली ढग मात्र पुढच्या चार फ्रेम सलग उजळलेला, न थरथरता.

मामांना दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी ती फ्रेम तीनदा मागं-पुढं करायला लावली, बोलले काहीच नाहीत. पण परवा रात्री साडेदहाला त्यांचा फोन, "पोरी, आत्ता एक पेटली ती लई वेळ पेटलेलीच ऱ्हायली बघ, फडफडली न्हाई अजिबात. धन हुती काय?"