एकसर जोडणीतले दोन बल्ब

आज भाचीसोबत विद्युत परिपथांची उदाहरणे सोडवताना एकाच प्रश्नावर बराच वेळ रेंगाळलो: २३० व्होल्टसाठी बनवलेले, ६० आणि १०० वॅटचे फिलामेंटचे दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच मार्गावर एकापाठोपाठ एक, २३० व्होल्टवरच लावले, तर जास्त उजेड कोणाचा? तिने तत्काळ "शंभराचा" असे सांगितले, आणि बहुतेक मोठी माणसेही तेच सांगतील.

विभवांतराच्या (व्होल्टेजच्या) वर्गाला शक्तीने (वॅटने) भागले की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मिळतो. तो ६० वॅटच्या बल्बचा सुमारे ८८२ ओहम, तर १०० वॅटच्या बल्बचा ५२९ ओहम येतो. एकसर जोडणीत दोन्हींतून वाहणारी धारा (विद्युतप्रवाह) एकच, साधारण ०.१६३ अँपिअर, आणि शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. त्यामुळे ६० वॅटच्या बल्बला २३ वॅटहून थोडी अधिक आणि दुसऱ्याला जेमतेम १४ वॅट शक्ती मिळते; म्हणजे जास्त उजेड ६० वॅटच्या बल्बचा. (प्रत्यक्षात फिलामेंट पुरेशी तापत नसल्याने रोध कमी भरतात आणि हे आकडे हलतात, पण क्रम तोच राहतो.)

सूत्रे पाठ असण्यापेक्षा ताळा करून पाहण्याची तिची सवय मला अधिक आवडली: दोन्ही बल्बांवरची विभवांतरे, १४४ आणि ८६ व्होल्ट, तिने मिळवून पाहिली, तेव्हा बेरीज बरोबर २३० आली. समांतर जोडणीचा हिशेब आता ती स्वतःच मांडते आहे.