बॅटरी सारखी बसतीये? नवी आणायच्या आधी मल्टिमीटर काढा

बाईकची बॅटरी बसली की पहिला विचार एकच असतो, जुनी झाली असेल, बदलून टाकू. बदलतो. मग थोड्या दिवसांनी नवी पण बसते, सेल्फ मारला की टक टक टक असा रिलेचा (सेल्फ मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचा) आवाज आणि मीटर कन्सोल रिसेट होतो, आणि मग आपण बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालतो. माझं मत विचाराल तर बऱ्याच केसमध्ये बॅटरीचा दोष नसतोच, तिला मागून चार्जिंग नीट मिळत नसतं किंवा पुढून कोणीतरी करंट चोरत असतं, आणि हे दोन्ही अंदाजाने कळत नाही, एका साध्या डिजिटल मल्टिमीटरने कळतं. पार्ट बदलून बदलून फॉल्ट शोधणं ही पद्धत मला अजिबात पटत नाही, पार्ट महाग आणि मीटर स्वस्त.

आधी सिस्टिम डोक्यात क्लिअर असू द्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. इंजिनच्या साइड कव्हरमध्ये मॅग्नेट फिरतो, त्याच्या आत तांब्याच्या कॉइल फिक्स बसलेल्या असतात, त्याला स्टेटर किंवा कॉइल प्लेट म्हणतात. तिथून एसी करंट निघतो, बहुतेक मोठ्या बाईकवर थ्री फेज, म्हणजे एकाच रंगाच्या तीन वायरी, पिवळ्या किंवा पांढऱ्या. त्या जातात आरआर युनिटला, रेग्युलेटर रेक्टिफायर. तो एसीचा डीसी करतो आणि व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या आसपास अडवून धरतो. तिथून बॅटरी. बस्स, एवढंच आहे, चार गोष्टी आणि मधल्या वायरी. आणि माझ्या मते खरी भानगड त्या मधल्या वायरींमध्येच जास्त असते.

सुरुवात बॅटरीपासूनच करायची, कारण बॅटरी डाउन असेल तर पुढच्या सगळ्या रीडिंग फसव्या येतात. टर्मिनलचे स्क्रू हाताने हलवून बघा, हलले तर तिथेच अर्धं काम झालं. पांढरा हिरवट थर असेल तर घासून काढा. वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना चुकून चासीला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. आणि हो, मीटरच्या आतली बॅटरी बदला!! हे कोणी सांगत नाही पण स्वस्त मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की तो व्होल्टेज जास्त दाखवायला लागतो आणि आपण खुश की वा, मस्त चार्ज आहे.

आता बाईक रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी रीडिंग घ्या. नुकतीच चालवलेली असेल तर घेऊ नका, तेव्हा वरवरचा आकडा जास्त येतो. लेड ॲसिड बॅटरी फुल असेल तर १२.७ च्या आसपास, एजीएम (लेड ॲसिडचाच सीलबंद प्रकार) असेल तर १२.८ किंवा थोडं वर. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ म्हणजे जवळपास रिकामी, जरी आकडा बघून बारा व्होल्टच्या बॅटरीला बारा व्होल्ट आलेत मग काय प्रॉब्लेम असं वाटत असलं तरी. आत सहा सेल असतात, प्रत्येकी २.१ च्या आसपास, म्हणून फुल बॅटरी बाराच्या वर असते. रीडिंग १०.५ च्या आसपास येऊन अडकत असेल आणि चार्जर लावूनही वर जात नसेल तर एक सेल मेलेला आहे, तिथे मात्र बॅटरी बदला, वाद नाही.

कमी असेल तर बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा, करंट कपॅसिटीच्या एक दशांश, म्हणजे ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.९ अँपिअर, घाई नको. पाणी भरायची बॅटरी असेल तर लेव्हल बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, ॲसिड नाही, आणि चार्जिंगला खिडकी उघडी ठेवा कारण हायड्रोजन सुटतो. मग मीटर टर्मिनलला लावून सेल्फ मारा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. दहाच्या आसपास टिकला तर ठीक, साडेनऊच्या खाली धाडकन गेला तर बॅटरीत दम नाही. रेस्टला १२.७ आणि सेल्फला ८, असा प्रकार बऱ्याचदा दिसतो, बॅटरी भरलेली दिसते पण लोड आला की झोपते. महिनोन्महिने अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो त्याचा हा परिणाम, आणि अर्धवट चार्ज का राहिली हा प्रश्न परत आपल्याला मागे स्टेटरकडेच नेतो.

बॅटरी पास झाली की इंजिन चालू करा, मीटर तसाच टर्मिनलवर, हेडलाइट ऑन. आयडलला तेरा किंवा वर दिसायला पाहिजे, काही बाईकवर आयडलला जरा कमीच असतं त्याचं टेन्शन नको. मग हळूहळू रेस वाढवत साधारण ४००० ते ५००० आरपीएमला न्या. १३.८ ते १४.६ च्या मध्ये कुठेतरी स्थिर झालं तर चार्जिंग ओके. नेमकी रेंज सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीच खरी धरा. रेस दिली तरी १२.५ च्या आसपासच रेंगाळतंय किंवा उलट खाली जातंय तर चार्जिंग येत नाहीये. आणि १५ च्या वर गेलं तर ओव्हरचार्ज, ही केस जास्त धोक्याची, बॅटरी फुगते, पाणी उडतं, बल्ब जातात, अशी बाईक चालवत बसू नका. ओव्हरचार्जला बहुतेक वेळा आरआरच जबाबदार असतो, पण काही बाईकवर आरआरला व्होल्टेज कळण्यासाठी एक वेगळी बारीक वायर असते जी इग्निशन स्विचमधून येते, आता त्या स्विचचे कॉन्टॅक्ट खराब असतील तर आरआरला व्होल्टेज खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि तो बिचारा अजून ढकलत राहतो, मग नवा आरआर टाकला तरी तेच. मॅन्युअलचा वायरिंग डायग्राम पाच मिनिटं बघितला तर हे कळतं.

चार्जिंग येत नसेल तर लगेच आरआर मागवू नका. आधी कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर, उघडा. स्टेटर आणि आरआरच्या मधला तीन वायरींचा कपलर, हा माझा पहिला संशयित कायम. पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय, एखादी पिन काळी पडलीये, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलंय, असं दिसलं की समजायचं. कारण सरळ आहे, पिन थोडी सैल झाली की तिथे रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की गरम होते, गरम झाली की अजून सैल होते, आणि हे चक्र प्लास्टिक वितळेपर्यंत थांबत नाही. काही जण कपलर कापून वायरी थेट सोल्डर करून टाकतात, चालतं, फक्त पुढे टेस्ट करायची वेळ आली की परत कापावं लागतं, त्यापेक्षा चांगल्या क्वालिटीचा सीलबंद कपलर बसवा.

मग व्होल्टेज ड्रॉप टेस्ट, जी फार कमी जण करतात आणि जिच्यात सगळ्यात जास्त मजा आहे. सगळे कपलर जोडलेले ठेवून इंजिन चालू, हेडलाइट ऑन, रेस ४००० ला. मीटर डीसीवर, लाल प्रोब आरआरच्या पॉझिटिव्ह आउटपुटवर कपलरच्या मागून घुसवायचा, काळा प्रोब बॅटरीच्या प्लसवर. आदर्श आकडा शून्य, ०.२ ०.३ पर्यंत चालवून घ्या, त्याच्या वर गेलं तर मधल्या वायरीत, फ्यूजमध्ये किंवा जॉइंटमध्ये व्होल्टेज अडकतंय. तसंच आरआरची निगेटिव्ह वायर आणि बॅटरीचा मायनस. आरआर तिकडे व्यवस्थित १४.४ देतोय आणि बॅटरीला पोचतायत १३.२, असं असेल तर आरआर, स्टेटर, बॅटरी तिघंही बदलले तरी काही फरक पडणार नाही. मेन फ्यूजचा होल्डर आणि अर्थिंगचा बोल्ट, या दोन जागा खास बघा, बोल्टखाली गंज किंवा पेंट असतो आणि वरून सगळं चकाचक दिसतं.

वायरिंग पण ओके असेल तर आता स्टेटर. इंजिन बंद करून कपलर काढा, स्टेटरच्या बाजूच्या तीन पिनांपैकी दोन दोनच्या जोड्या करून ओहम मोजा. तिन्ही जोड्यांना सारखा आकडा पाहिजे, सहसा एक ओहमच्या आतच असतो, आणि इतक्या लहान रेझिस्टन्सला स्वस्त मीटर चाचपडतात म्हणून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून किती दाखवतो ते बघून तेवढं वजा करा. मग प्रत्येक पिन आणि इंजिनची बॉडी, इथे काहीही कंटिन्युइटी, म्हणजे करंटला सलग वाट, यायला नको, बीप वाजला की स्टेटर अर्थ झालाय, गेला. पण नुसत्या ओहम टेस्टवर विश्वास ठेवू नका, आतल्या आत एक दोन वेढे शॉर्ट असतील तर ओहममध्ये फरक दिसतच नाही. म्हणून कपलर तसाच सुटा ठेवून इंजिन चालू करा, मीटर एसीवर, परत तिन्ही जोड्या. ५००० आरपीएमला बऱ्याच बाईकवर ५० ते ७० व्होल्ट एसी येतो, काहींवर जास्त. आकड्यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का ते महत्त्वाचं, ६० ६० आणि २५ आला की निकाल लागला. बोटं लांब ठेवा, झटका बसतो. आणि ही टेस्ट इंजिन पूर्ण तापल्यावर परत करा कारण थंड असताना पास आणि गरम झाल्यावर नापास होणारे स्टेटर भरपूर असतात, राइडच्या सुरुवातीला सगळं ठीक आणि तासाभराने व्होल्टेज घसरतं ही त्याचीच खूण, आरआर पण असाच वागतो.

आरआरची टेस्ट अर्धवटच होते. आत डायोड असतात, करंट एकाच दिशेला जाऊ देणारे. मीटर डायोड मोडवर, प्रत्येक पिवळ्या पिनपासून पॉझिटिव्ह आउटपुटकडे एका दिशेला ०.४ ते ०.७ च्या दरम्यान आणि प्रोब उलटे केले की ओपन, तसंच निगेटिव्हच्या बाजूला. कुठे दोन्ही दिशांना शून्य आलं तर डायोड शॉर्ट, फेकून द्या. पण सगळं बरोबर आलं म्हणजे आरआर चांगलाच असं नाही, कारण रेग्युलेशनचा भाग मीटरने कळत नाही. स्टेटर पास, वायरिंग पास, तरी बॅटरीला चार्ज नाही, मग उरला तोच.

इथे थोडं विषयांतर, पण आवडीचा विषय आहे म्हणून. बहुतेक बाईकवर येणारा आरआर शंट टाइपचा असतो, म्हणजे बॅटरी भरली की उरलेला करंट तो चक्क शॉर्ट करून स्टेटरलाच परत फिरवतो. त्यामुळे बॅटरीला गरज असो नसो, स्टेटर कायम फुल लोडवर. मग लोक म्हणतात मी एलईडी हेडलाइट लावला, लोड कमी झाला, आता स्टेटरला आराम. शंट टाइपवर तसं होत नाही हो, स्टेटर तेवढाच तापतो, उलट आरआरला जास्त करंट शॉर्ट करावा लागतो. बॅटरीला फायदा होतो हे मात्र खरं. सीरिज टाइपचा आरआर गरज नसताना सर्किट तोडतो म्हणून स्टेटर थंड राहतो, सारखे स्टेटर जळणाऱ्या बाईकला तो लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आणि आरआर कुठलाही असो, त्याच्या फिन्सना हवा लागली पाहिजे, चिखलाने भरलेला आरआर किती दिवस टिकणार.

एक जुनी ट्रिक अजून काही ठिकाणी चालते, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि बाईक बंद पडते का बघायचं. कृपया करू नका. बॅटरी व्होल्टेजचे झटके झेलत असते, ती काढली की ते झटके थेट ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), मीटर कन्सोल, आरआरवर जातात. जुन्या पॉइंटवाल्या बाईकवर खपून जायचं, आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या बाईकवर ईसीयूचा बळी द्यायचा असेल तरच करा.

समजा चार्जिंग १४.३, ड्रॉप नाही, स्टेटर मस्त, तरी दोन तीन दिवस उभी राहिली की बॅटरी खाली. मग गळती. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मीटर सीरिजमध्ये, म्हणजे ती वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्या मध्ये, १० अँपिअरच्या सॉकेटपासून सुरुवात. या वेळी चावी ऑन करू नका आणि सेल्फ तर अजिबात नको, मीटरचा फ्यूज उडेल. काम झालं की लाल प्रोब आठवणीने परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला जाल आणि बॅटरी शॉर्ट कराल. घड्याळ आणि ईसीयूच्या मेमरीसाठी एक दोन मिलिअँपिअर चालतात, २ मिलिअँपिअरने ९ अँपिअर-अवरची बॅटरी रिकामी व्हायला सहा महिने लागतील. पण ५० मिलिअँपिअर असतील तर साडेसात दिवसात सगळं साफ, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी बंद. फ्यूज एकेक काढत जा, ज्याला आकडा पडेल ते सर्किट. कुठल्याच फ्यूजने पडला नाही तर आरआरचा कपलर काढून बघा, लीक डायोडमधून बॅटरी उलटी रिकामी होत असते. नाहीतर मग आपणच लावलेले यूएसबी चार्जर, जीपीएस ट्रॅकर, अलार्म. थेट बॅटरीवरून घेतलेला यूएसबी चार्जर मोबाईल लावलेला नसताना पण करंट खातो, त्याला रिलेमधून इग्निशनवर घ्या.

सेल्फमुळे बॅटरी उतरते असं पण ऐकतो. हिशोब करा, १०० अँपिअर दोन सेकंद म्हणजे २०० अँपिअर-सेकंद, ९ अँपिअर-अवर म्हणजे ३२४००. एक टक्का पण नाही. खरं खातं ते आयडलवर रेंगाळणं, हेडलाइट, फॅन, फ्युएल पंप, एक्स्ट्रा फॉग लाइट सगळं चालू आणि स्टेटरचं आउटपुट आयडलला तळाला. फॉग लाइट लावल्यावर आयडलला टर्मिनलवर १२.६ दिसत असतील तर बाईकमध्ये फॉल्ट काही नाही, तुमचा लोड स्टेटरला झेपत नाहीये. तिथे सिग्नलला फॉग बंद करा, किंवा कमी वॉटचे लावा, आरआर बदलून काहीही होणार नाही.

लिथियम बॅटरी टाकली असेल तर वरचे रेस्टचे आकडे विसरा, तिचं फुल १३.२ १३.३ च्या आसपास असतं आणि १२.८ म्हणजे बरीच रिकामी. तिला १४.६ च्या वर गेलेलं चालत नाही, त्यामुळे टाकायच्या आधी आरआर किती देतोय ते मोजून घ्या, आणि चार्जर तिचाच वापरा, डिसल्फेशन मोडवाला (प्लेटवरचा सल्फेटचा थर काढायचा मोड असलेला) जुना चार्जर लावू नका.