चिनी मातीतली विस्कट मोजताना क्वार्ट्झ आडवा आला

मंडळी, शनिवारची नोंद आज लिहितोय. विस्कट म्हणजे चिनी मातीचे सूक्ष्म थर एकावर एक नीट न रचले जाणं, ती किती आहे ते मोजत होतो. आकडा त्याच दिवशी हाती आला होता, पण मनाला पटत नव्हता.

नमुना म्हणजे सिंधुदुर्गातून, गावाहून ठाण्याला आणलेलं पांढरं ढेकूळ. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राने डिफ्रॅक्टोमीटरवर (क्ष-किरण टाकून स्फटिकातल्या थरांमधली अंतरं मोजणाऱ्या यंत्रावर) दोन तास मिळवून दिले. क्ष-किरणांची नळी तांब्याची, त्यामुळे खालचे सगळे अंश (किरण वळण्याचे कोन) त्याच हिशेबाचे.

पहिल्याच स्कॅनमध्ये 12.4 अंशांवर केओलिनाइटचं (चिनी मातीतल्या मुख्य खनिजाचं) शिखर असं देखणं उठलं की मी हरखलो. पण ते शिखर सांगतं फक्त थराथरातलं 7.15 अँगस्ट्रॉमचं अंतर. पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते कडेने सरकले तरी कॅटची उंची तीच राहते, तसंच हे. थर बी अक्षाच्या (थराच्या पातळीतल्या एका दिशेच्या) एक तृतीयांशाने सरकले, किंवा ऑक्टाहेड्रल (अ‍ॅल्युमिनियमच्या) पदरातली तीनपैकी रिकामी असलेली जागा थरागणिक बदलली, तर त्याचा पत्ता लागतो 20 ते 22 अंशांच्या पट्ट्यात. माती नीट रचलेली असेल तर तिथे सुटी शिखरं दिसतात. विस्कट वाढली की ती एकमेकांत मिसळून उजवीकडे उतरत जाणारा एकच उंचवटा उरतो.

विस्कट आकड्यात सांगणारा हिंकलेचा 1963 चा निर्देशांक इथेच मोजतात. 20.4 आणि 21.3 अंशांच्या शिखरांची उंची त्यांच्या पायथ्यातून ओढलेल्या रेषेपासून घ्यायची, दोन्हींची बेरीज करायची आणि पहिल्या शिखराच्या पार्श्वभूमीपासूनच्या पूर्ण उंचीने भागायचं. उत्तम रचलेल्या मातीत हे 1.5 च्या आसपास जातं, 0.5 च्या खाली गेलं तर रचना चांगलीच विस्कटलेली.

माझं घोडं अडलं ते 20.86 अंशांवर. तिथे मातीत मिसळलेल्या क्वार्ट्झचं (गारेचं) शिखर येतं, बरोबर माझ्या दोन शिखरांच्या मधोमध! 26.64 ला त्याचं सर्वात मोठं शिखर बघितलं तेव्हा खात्री पटली. अशा आलेखावर पट्टी ठेवून काढलेल्या निर्देशांकाला काही अर्थ नाही, म्हणून पहिला आकडा मी वहीत खोडून टाकलाय.

दुसरी चूक माझ्या हाताची. चूर्ण बारीक व्हावं म्हणून अगेटच्या खलात कोरडंच खूप वेळ घोटलं. कोरड्या घोटण्याने केओलिनाइटची रचना मोडते, म्हणजे मोजायला निघालो ती विस्कट थोडीफार मीच वाढवली असणार. आता ढेकूळ फक्त पाण्यात भिजवून आपोआप सुटू देतोय.

क्वार्ट्झ काढायला निवळण लावली आहे, त्याचे जाड कण आधी खाली बसतात. कण पाण्यात किती वेगाने बसतो ते सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने 2 मायक्रॉनचा कण 10 सेंटिमीटर खाली जायला 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात पावणेआठ तास लागतात. ठाण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात पाणी 30 अंशांचं आहे, पाणी पातळ होतं आणि तेच काम सव्वासहा तासांत होतं. परदेशी तक्त्यातली वेळ जशीच्या तशी घेऊ नका, तापमान आधी मोजा. एक लक्षात ठेवा, वरचा बारीक भाग आणि मूळ ढेकूळ यांचे निर्देशांक वेगळे येऊ शकतात. तुलना करायची तर बारीक भागाची बारीक भागाशीच.

पुढच्या फेरीत होल्डर (चूर्ण ठेवायची चौकट) बाजूने भरणार आहे, वरून दाबला की पापुद्रे आडवे पडतात. 19 ते 23 अंशांत 0.02 ची पायरी, प्रत्येकी 10 सेकंद, म्हणजे जेमतेम 33 मिनिटं. उरलेल्या वेळात 37 ते 40 अंशांचा पट्टाही घेईन, तिथे क्वार्ट्झचा त्रास कमी आहे.

सिलिंडर सकाळी सात वाजता लावलाय. सव्वाएकला वरचे 10 सेंटिमीटर पिपेटने काढायचे आहेत.